जुन्या थिंकपॅडवर डेबियन: डिस्क बदलण्यापासून मराठी टायपिंगपर्यंत

आत्याचा लॅपटॉप सुरू केला तेव्हा डेस्कटॉप दिसायला सहा मिनिटं लागली. थिंकपॅड एक्स२२०, २०११ सालचं मॉडेल, दुसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरणारी ३२० जीबीची हार्ड डिस्क. आत्या त्यावर सोसायटीचे हिशेब आणि नोटिसा करते. "टाइप केलेलं अक्षरसुद्धा उशिरा उमटतं रे," ती म्हणाली. दुरुस्तीवाल्याने तिला सांगितलं होतं की आता नवीनच घ्या.

ते मला पटलं नाही. कीबोर्ड उत्तम, बिजागऱ्या घट्ट, पडद्यावर एक ओरखडा नाही. अडचण दोनच ठिकाणी होती: मंद डिस्क, आणि त्या डिस्कला सतत राबवणारं विंडोज १०. त्यात विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे या यंत्राला तो रस्ता बंद. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ते आणखी काही वर्षं नीट वापरता येतं. मी आत्याच्या लॅपटॉपवर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार टाकला. ते कसं केलं हे इथे क्रमाने सांगतो, आणि तुमचं यंत्र वेगळं असेल तर कुठे काय बदलेल तेही.

एक गोष्ट आधीच सांगतो. इन्स्टॉलर पाऊण-एक तासात आटोपतो, पण निम्म्याहून जास्त काम तो सुरू करण्याआधीचं असतं. लोकांचं बिनसतं ते त्या आधीच्या कामात घाई केल्यामुळे.

डेबियनच का

लिनक्स ज्या युनिक्सच्या घराण्यातली, त्यातल्या कितीतरी प्रणाली जुन्या लॅपटॉपवर चालतात. थिंकपॅडवर ओपनबीएसडीसुद्धा छान चालते. पण तिच्यात ब्लूटूथ नाही, आणि घरच्या माणसाला ती एकट्याने सांभाळायला अवघड जाते. लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती नवशिक्यांसाठी चांगली आहे. ती घेतलीत तरी या लेखातला यंत्र तपासणं, बॅकअप, पेनड्राइव्ह आणि बायोस (लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) हा सगळा भाग तसाच लागू पडेल.

मी डेबियन घेतो त्याची तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे एक आवृत्ती टाकली की पाच वर्षं निवांत. डेबियन १३ म्हणजे 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिला तीन वर्षं पूर्ण आधार आहे आणि पुढे दोन वर्षं लांब मुदतीचा. दुसरं, २०२३ च्या डेबियन १२ पासून वाय-फाय वगैरेला लागणारी बंदिस्त फर्मवेअर (त्या उपकरणाला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागली. त्यापूर्वी ती वेगळी शोधून आणावी लागायची आणि नवखा माणूस तिथेच हात टेकायचा. तिसरं, डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे.

मात्र डेबियन १३ चा इन्स्टॉलर ३२-बिट पीसीसाठी मिळत नाही. इंटेल कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर तो ६४-बिट आहे, काळजी नको. २००८-०९ च्या छोट्या नेटबुकमध्ये असायचा तो अ‍ॅटम एन२७० मात्र ३२-बिटच. तिथे डेबियन १२ किंवा अँटिएक्स हा हलका लिनक्स घ्या. विंडोज चालू असेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टम, अबाउट या पानावर प्रोसेसरचं नाव दिसतं.

आधी यंत्र तपासा

लॅपटॉप उलटा करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल किंवा बॅटरीचा भाग फुगलेला वाटत असेल तर तिथेच थांबा आणि आधी बॅटरी बदला. फुगलेल्या लिथियम बॅटरीवर काम करू नये, तिला टोचू नये, चार्जिंगलाही लावू नये.

मग विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघा. 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींसमोर शून्य असायला हवं. पेंडिंगसमोर आकडा असेल तर डिस्क वाचताना अडखळते आहे असं समजा. अशा डिस्कवरून महत्त्वाच्या फाइली आधी, आजच्या आज काढून घ्या. आत्याच्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर निघाले. ती सहा मिनिटं कुठे जात होती याचा अर्धा उलगडा इथेच झाला.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ हा तपासणीचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅमची पट्टी काढून, सोन्याचे संपर्कबिंदू साध्या पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवा आणि परत तपासा. खराब रॅमवर केलेलं इन्स्टॉलेशन अधूनमधून विचित्र वागतं, आणि त्याचं खापर माणूस लिनक्सवर फोडतो.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिने माझी एक संध्याकाळ घेतली आहे. लॅपटॉपच्या आत घड्याळासाठी नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी असते. ती मेली की लॅपटॉपची बॅटरी काढताच तारीख मागे जाते. इन्स्टॉलर सगळं नीट करत पुढे जातो आणि इंटरनेटवरून पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) आणण्याच्या पायरीवर अडतो. संदेश येतो तो सर्व्हरबद्दल, म्हणून आपण राउटर बंद-चालू करत बसतो. प्रत्यक्षात यंत्राला वाटत असतं की आज २०११ सालचा जानेवारी आहे, आणि पॅकेजेसवरची डेबियनची डिजिटल सही तर भविष्यातली! म्हणून बायोसमध्ये शिरलात की सर्वात आधी तारीख-वेळ बघा. चुकत असेल तर दुरुस्त करा आणि ती बॅटरी बदलायची नोंद करून ठेवा.

एसएसडी आणि रॅम

जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर करा. फिरणारी डिस्क ठेवून लिनक्स टाकलंत तर फरक जाणवेल, पण एसएसडी टाकल्यावर यंत्र ओळखू येणार नाही. २.५ इंची साटा एसएसडी लागते, २५६ जीबी पुरे. एक्स२२० मध्ये फक्त ७ मिलिमीटर जाडीची डिस्क बसते. बाजारातल्या बहुतेक साटा एसएसडी तेवढ्याच असतात, तरी दुकानात विचारून घ्या.

डिस्क बदलणं सोपं आहे. चार्जर काढा, मागची बॅटरी खटके सरकवून बाहेर घ्या, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. एक्स२२० मध्ये डिस्कचं झाकण कडेला आहे, एका स्क्रूवर. ते काढलं की डिस्क कापडी पट्टीने ओढून बाहेर येते. तिच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या आणि पत्र्याची चौकट नव्या एसएसडीवर चढवा, आत सरकवा, खटकन बसल्याचं हाताला कळतं. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये कदाचित पूर्ण तळ उघडावा लागेल. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा आणि काढलेले स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते.

रॅम ४ जीबी असेल तर चालून जाईल. ८ केलीत तर ब्राउझरला बरं. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या प्रकारांत गोंधळ होतो. १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रात डीडीआर३एल पट्टी चालते, पण १.३५ व्होल्टच्या यंत्रात साधी डीडीआर३ चालत नाही. शंका असेल तर डीडीआर३एल घ्या. २००८-०९ च्या काही यंत्रांत मात्र डीडीआर२ असते, तिची खाच वेगळी असते आणि इतर पट्टी बसणारच नाही.

डिस्क बदलण्याचा एक मोठा फायदा किमतीत मोजता येत नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी हातात राहते. विंडोज, फाइली, पासवर्ड, सगळं. नव्या डिस्कवर काहीही चुकलं तरी गमावण्यासारखं काही नसतं.

बॅकअप, आणि काय चालणार नाही याची यादी

जुनी डिस्क शाबूत असली तरी कागदपत्रं, फोटो आणि ब्राउझरचे बुकमार्क वेगळ्या डिस्कवर घ्याच, त्यातही पेंडिंग सेक्टर असतील तर नक्की. नंतर ती बॅकअपची डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा. हे मुद्दाम सांगण्याचं कारण आहे. एका मित्राच्या लॅपटॉपवर काम करताना मी बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क जोडलेलीच ठेवली होती. पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडण्याच्या) पायरीवर दोन डिस्कची नावं दिसली, दोन्ही ५०० जीबी, आणि मी चुकीची निवडली. त्याच्या मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचसे परत मिळाले, सगळे नाही. तेव्हापासून इन्स्टॉल करताना लॅपटॉपला एक पेनड्राइव्ह सोडून काहीही जोडलेलं नसतं.

त्याच बैठकीत लॅपटॉप वापरणाऱ्याला विचारा की कोणती सॉफ्टवेअर रोज लागतात. टॅली विंडोजवरचं आहे. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनने सरकारी पोर्टलवर सह्या करणाऱ्यांची साधनं बहुधा विंडोज गृहीत धरतात. प्रिंटरबद्दलही आधी चौकशी करा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात, पण आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० सारख्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं कटकटीचं आहे. यातलं काही रोज लागत असेल तर त्या माणसाचा लॅपटॉप पूर्ण बदलू नका. कामाचं यंत्र काढून घेऊन चांगलं यंत्र दिलं म्हणणं बरोबर नाही.

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवायचं असेल तर ते शक्य आहे. विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन लहान करून जागा मोकळी करा. नंतर घड्याळ साडेपाच तासांनी चुकू लागलं तर घाबरू नका. विंडोज यंत्राचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळेवर, एवढंच त्यामागचं कारण. पण जुन्या यंत्रावर मी शक्यतो एकच प्रणाली ठेवतो.

पेनड्राइव्ह तयार करणं

डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून एएमडी६४ ची 'नेटइन्स्ट' प्रतिमा, म्हणजे इन्स्टॉलरची आयएसओ फाइल, उतरवा. नाव एएमडी असलं तरी इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरलाही हीच लागते. ती पाऊण जीबीच्या आसपास आहे. बाकीची पॅकेजेस इन्स्टॉल होताना इंटरनेटवरून येतात, त्यासाठी आणखी एक-दोन जीबी डेटा धरा.

शेजारीच शा-२५६ बेरजांची (फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळण्याच्या आकड्यांची) फाइल असते. ७-झिप असेल तर उतरवलेल्या फाइलवर राइट-क्लिक करून तिची शा-२५६ बेरीज काढा आणि त्या फाइलमधल्या ओळीशी पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं तरी ताडून बघा. जुळली नाहीत तर फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलर मध्येच थांबतो तेव्हा कारण शोधणं फार अवघड जातं.

मग पेनड्राइव्हवर आयएसओ लिहिणारं रूफस हे सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ फाइल दाखवा. स्टार्ट दाबल्यावर कोणत्या पद्धतीने लिहू असं विचारलं तर 'डीडी' निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज म्हणेल की ही ड्राइव्ह फॉरमॅट करायला हवी. करू नका, कॅन्सल करा.

यंत्रावर वाय-फाय, आवाज, पडद्याचा उजेड चालतो का ते आधी पाहायचं असेल तर डेबियनची एक्सएफसीई 'लाइव्ह' प्रतिमा दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डिस्कला धक्का न लावता सगळं करून बघता येतं. मध्ये पडदा लॉक झाला तर नाव 'यूझर' आणि पासवर्ड 'लाइव्ह', दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. झाकण लावून पाच मिनिटांनी उघडून बघायला विसरू नका. जुन्या यंत्रांची खरी परीक्षा झोपेतून उठण्यातच होते.

बायोस

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूची कळ टकटक दाबत राहा. लेनोवो थिंकपॅड, डेल आणि तोशिबा यांना बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरलाही एफ१२, पण तिथे तो मेन्यू आधी बायोसमधून चालू करावा लागू शकतो. बायोसमध्ये जायला थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०, बाकी अनेकांना एफ२.

यंत्र सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, जुनी 'लेगसी' आणि नवी 'यूईएफआय'. त्यातली कोणती ठेवायची, हा प्रश्न इथे येतो. माझा अनुभव असा की २०११-१२ पर्यंतच्या यंत्रांत यूईएफआय कच्चं असतं, तिथे लेगसी ठेवा. २०१३ नंतरच्या यंत्रांवर यूईएफआय घ्या. एक्स२२० ला मी 'लेगसी ओन्ली' केलं. जे काही ठरवाल ते इन्स्टॉल करण्याआधी ठरवा, कारण इन्स्टॉलर ज्या पद्धतीने सुरू झाला त्याच पद्धतीने डिस्क मांडतो. नंतर बायोसमध्ये बदल केलात तर यंत्र उठणार नाही. सही नसलेल्या प्रणालीला अडवणारं सिक्युअर बूट चालू असेल तर राहू द्या, डेबियनला त्याचं वावडं नाही.

इन्स्टॉलर

पहिल्या काळ्या-निळ्या यादीत 'ग्राफिकल इन्स्टॉल' निवडा. मराठी भाषा इथेच मिळते. साध्या अक्षरी इन्स्टॉलरला देवनागरीची जोडाक्षरं दाखवता येत नाहीत म्हणून तिथे ती यादीत नसते.

भाषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉप घरातल्या अशा माणसासाठी असेल ज्याला मराठी वाचणं सहज जातं, तर बेलाशक मराठी निवडा. आत्यासाठी मी मराठी निवडली आणि पहिल्याच दिवशी तिने मेन्यूतून स्वतःहून चार गोष्टी शोधून काढल्या, ज्या इंग्रजी विंडोजमध्ये दहा वर्षांत कधी उघडल्या नव्हत्या. स्वतः टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) वापरणार असाल तर मात्र इंग्रजी ठेवा. मराठीत घरच्या फोल्डरांची नावंही मराठी होतात आणि आज्ञा टाइप करताना ते अडचणीचं ठरतं. शिवाय एखादी चूक दाखवणारा संदेश इंटरनेटवर शोधायचा तर तो इंग्रजीत असलेला बरा.

ठिकाण भारत. कीबोर्ड मात्र भाषा कोणतीही असो, 'अमेरिकन इंग्लिश' ठेवा. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा असतो, आणि लॉगिनच्या पानावर देवनागरी कीबोर्ड आला तर आत जाताच येत नाही.

नेटवर्कसाठी वाय-फाय दिसलं तर पासवर्ड टाका. नाही दिसलं तर राउटरची केबल जोडा. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, इन्स्टॉलरला ते साध्या केबलसारखं दिसतं. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वाय-फाय चिपना इन्स्टॉलरमध्ये नसलेली फर्मवेअर लागते, त्यांच्यासाठी हा फोनचा उपाय हुकमी आहे.

यंत्राचं नाव काहीही द्या, इंग्रजी छोट्या अक्षरांत. डोमेनची चौकट रिकामी सोडा. पुढे रूटचा, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड विचारतात. दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून पुढे जा. तसं केलं की रूटचं खातं बंद राहतं आणि पुढे तुम्ही तयार कराल त्या पहिल्या वापरकर्त्याला 'सुडो'चा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचा अधिकार आपोआप मिळतो. इथे पासवर्ड टाकला तर नंतर सुडो वापरताना तुमचं नाव 'सुडोअर्स'च्या यादीत नाही असा संदेश येतो, आणि नवी माणसं तिथे हमखास अडतात.

आता पार्टिशन. 'मार्गदर्शित, संपूर्ण डिस्क वापरा' अशा अर्थाचा पर्याय निवडा, मग 'सर्व फाइली एकाच पार्टिशनमध्ये'. डिस्कच्या यादीत एसडीए, एसडीबी अशी नावं येतील. नावावर विसंबू नका, कारण कधी पेनड्राइव्हच एसडीए होतो. आकार वाचा. २५६ जीबी म्हणजे तुमची नवी एसएसडी, १६ किंवा ३२ जीबी म्हणजे पेनड्राइव्ह. बदल डिस्कवर लिहायचे का असं शेवटी विचारतात, तोपर्यंत काहीही पुसलेलं नसतं. त्या पानावर हात थांबवा, आकार पुन्हा एकदा वाचा आणि मगच 'हो' म्हणा.

लॅपटॉप प्रवासात फिरत असेल तर एन्क्रिप्शनचा (डिस्क पासवर्डशिवाय वाचता न येण्याचा) पर्याय घ्या. एक्स२२० च्या आय५ मध्ये त्यासाठी लागणारी एईएस-एनआय सोय आहे, वेग फारसा कमी होत नाही. कोअर २ ड्युओमध्ये ती नाही, तिथे विचार करा. आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला तर फाइली कोणीही परत देऊ शकत नाही, हे वापरणाऱ्याला समोर बसवून सांगा.

मग मूळ प्रणाली उतरते, मिररचा (ज्या सर्व्हरवरून पॅकेजेस येणार त्याचा) देश विचारला जातो, प्रॉक्सी रिकामी सोडायची. त्यानंतर सॉफ्टवेअर निवडीचं पान येतं. इथे 'ग्नोम' या डेस्कटॉपची खूण काढा. तो देखणा आहे, पण ४ जीबीच्या यंत्राला जड जातो. 'एक्सएफसीई'वर खूण करा. रॅम फक्त २ जीबी असेल तर 'एलएक्सक्यूटी' बघा. वरची 'डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' ही खूण राहू द्या, मात्र तिच्याखाली एकही डेस्कटॉप न निवडता ती एकटी ठेवलीत तर ग्नोमच येईल.

आता चहा घ्या. नेटच्या वेगाप्रमाणे अर्धा तास ते तास लागेल. शेवटी लेगसी यंत्रावर ग्रब, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कुठे बसवायचा ते विचारतात, तिथे पुन्हा एसएसडीचंच नाव निवडा. पेनड्राइव्हवर ग्रब बसला तर पेनड्राइव्ह काढल्यावर लॅपटॉप उठणार नाही. असं झालंच तर सगळं पुन्हा टाकण्याची गरज नाही. त्याच पेनड्राइव्हच्या प्रगत पर्यायांत 'रेस्क्यू मोड' आहे, त्यातून ग्रब पुन्हा बसवता येतो.

पहिला दिवस

आत्याच्या लॅपटॉपचा डेस्कटॉप आता वीस-बावीस सेकंदांत येतो. एक्सएफसीई स्वतः पाऊण जीबीच्या आसपास रॅम घेतं, उरलेली ब्राउझरला मोकळी.

आधी अपडेट करा. टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड', सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही दिसत नाहीत, ते तसंच असतं, टाइप करून एंटर मारा. टर्मिनल नको असेल तर एक्सएफसीईसोबत 'सिनॅप्टिक' येतं. त्यात पॅकेजचं नाव शोधायचं, खूण करायची आणि 'अप्लाय' दाबायचं.

४ जीबी किंवा कमी रॅम असेल तर सिनॅप्टिकमधून 'झेडरॅम-टूल्स' बसवा. रॅमचाच एक भाग आवळून ठेवलेल्या स्वॅपसारखा (रॅम कमी पडल्यावर लागणाऱ्या जादा जागेसारखा) वापरला जातो, त्यामुळे डिस्कवर जाण्याची वेळ कमी येते. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये प्रमाण ५० टक्के केलं की पुरे. बॅटरीसाठी 'टीएलपी' बसवा, त्यात काही बदलावं लागत नाही.

व्हिडिओ अडकत असतील तर कारण बहुधा वेगळंच असतं. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं, आणि एक्स२२० च्या इंटेल एचडी ३००० ग्राफिक्सला हार्डवेअरमधून फक्त एच.२६४ सारखे जुने प्रकार उलगडता येतात. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडू लागतो. फायरफॉक्समध्ये 'एच२६४इफाय' हे अ‍ॅड-ऑन टाका, सोबत 'यूब्लॉक ओरिजिन', आणि 'आय९६५-व्हीए-ड्रायव्हर' हे पॅकेज आहे का ते सिनॅप्टिकमध्ये बघा. जाहिराती थांबल्याने जुन्या यंत्राचा जेवढा भार हलका होतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका गोष्टीने होत नाही.

मराठी

'टास्क-मराठी-डेस्कटॉप' आणि 'फॉन्ट्स-देवा' ही दोन पॅकेजेस बसवली की फायरफॉक्स व लिब्रेऑफिसचे मराठी मेन्यू आणि देवनागरीचे बरेच फॉन्ट येतात.

टायपिंगला इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी येत असेल तर वेगळं काहीच नको. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर भारतीय गटात मराठी इनस्क्रिप्ट जोडा. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी 'आयबस' (टायपिंगच्या पद्धती बदलून देणारा प्रोग्राम) आणि 'आयबस-एम१७एन' बसवावं, 'आयएम-कॉन्फिग' चालवून आयबस निवडावं आणि एकदा लॉग आउट होऊन परत यावं. मग आयबसच्या पसंतींत मराठीखाली कितीतरी पद्धती दिसतात: इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, आणि आपली ओळखीची गमभनसुद्धा. आत्या टाइपरायटर शिकलेली, तिने रेमिंग्टन घेतलं आणि पाचव्या मिनिटाला न बघता टाइप करू लागली.

तिच्या जुन्या नोटिसा उघडल्या तेव्हा मात्र सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. तो घाबरून जाण्याचा क्षण असतो, म्हणून सांगून ठेवतो. फाइली बिघडलेल्या नसतात. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइल घ्या. फाइल मॅनेजरमध्ये घरचं फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा, म्हणजे लपलेली फोल्डरं दिसतील. 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' असं फोल्डर नसेल तर तयार करून फाइल तिथे ठेवा. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा, नोटिसा पूर्वीसारख्या दिसतील. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच (विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेल्या पद्धतीत) टाइप करायचा असं ठरवून टाका, आणि जुन्यातला जो वारंवार लागतो तेवढा फॉन्ट-रूपांतरकातून युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. आत्याने सोसायटीचे बायलॉज असे तीन दुपारी बसून तपासले.

जुनी डिस्क मी स्थिर-विद्युतरोधी पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: काढल्याची तारीख, लॅपटॉपचं मॉडेल आणि विंडोजचा पासवर्ड कोणाला विचारायचा ते. सोबत यूएसबी-साटा केस ठेवली आहे. आत्याच्या कपाटात ती सहा महिने राहील. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला होता, २०१९ च्या ऑडिटची एक्सेल शीट सापडत नाही म्हणून. ती डाउनलोड्सच्या आतल्या एका फोल्डरमध्ये होती, बॅकअपमधून सुटलेली. डिस्क केसमध्ये घालून जोडली, आणि दहा मिनिटांत शीट तिच्या समोर होती.